राठोडसाहेबांच्या बरण्या

राठोडसाहेबांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा लोणचं समजून मी पाइपाचं अस्तर चावलं.

गिळलं नाही, एवढंच. कारखान्याच्या क्वार्टरमधली खोली, जमिनीवर मांडलेली ताटं, ज्वारीची भाकरी, वरण, आणि खिडकीत ओळीनं ठेवलेल्या चिनीमातीच्या बरण्या. वाढेपर्यंत थांबायची सवय मला नाही. आमच्या पुसेगावच्या घरात भाऊच इतके की थांबणारा उपाशी राहायचा. हात लांबवून जवळची बरणी उघडली. आत काळपट तांबूस खार, करपलेल्या गुळाचा वास, आणि त्यात बुडालेल्या, कैरीच्या वाटणाऱ्या फोडी. गोडं लोणचं! एक फोड उचलली आणि दाढेखाली धरली. फोड दबेना. मी जोर लावला. कट्ट असा आवाज आला तो दाढेचा, फोडीचा नव्हे.

"अवो भाऊजी, ते काहून खाऊन राहिले तुमी!" वहिनी परातीवरून ओरडल्या. "ते ह्यांचं हाय!"

साहेब जागचे हलले नाहीत. नुसता हात पुढं केला. मी फोड त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती पंच्याला पुसली, उजेडात धरली, माझी दाढ जिथं बसली होती तिथं नख फिरवून पाहिलं.

"दात उमटला न्हाई," ते म्हणाले. "उन्हाळ्यापासून बुडून हाय. ह्या पाण्यात तरी टिकून राहिलं म्हणायचं."

फोड परत बरणीत गेली, झाकण लागलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कदम, चूळ भरून घ्या. ते कारखान्याच्या मोरीचं पाणी हाय."

अशी आमची ओळख झाली.

हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला त्याच्या आगेमागे वारंगा फाट्याच्या अलीकडं एका शेठनं मळीपासून स्पिरिट काढायचा छोटा कारखाना टाकला होता. आता तो बंद आहे. नाव घेऊन काही उपयोग नाही. राठोडसाहेब तिथं केमिस्ट होते आणि मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. डिप्लोमा मी अशा चिकाटीनं केला होता की शेवटी परीक्षकच कंटाळले. स्पिरिट काढून झालं की मागं काळं, उकळतं, आंबट पाणी उरतं. त्याला कारखान्यात सगळे 'वॉश' म्हणत. हायवेच्या ह्या बाजूला कारखाना, त्या बाजूला वॉश साठवायचं तळं, आणि मधल्या रस्त्याच्या पोटातून गेलेला सिमेंटचा पाइप. वॉशनं त्या पाइपाचे जोड खाल्ले होते. पाइपाला लागूनच एका तांड्याची विहीर होती. तिचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसायला लागलं होतं.

तो तांडा राठोडसाहेबांचा.

त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरलेले. बाप शेती करायचा. साहेब तांड्यातले पहिले बी.एस्सी. शेजारीच कारखाना आला आणि त्यात आपलंच पोरगं केमिस्ट लागलं, तेव्हा तांड्यानं डफ वाजवून मिरवणूक काढली होती म्हणे. मी नोकरीला लागलो तोवर डफ कधीच थांबला होता. तांडा त्यांना शेठचा माणूस समजायचा आणि शेठ त्यांना तांड्याचा. कँटीनमध्ये ते ज्या बाकावर बसत, तो बाक बहुतेक वेळा त्यांच्या एकट्याचाच असे.

ह्यात त्यांचा स्वभावही काही कमी नव्हता. उंच, हडकुळे, बोटांची टोकं कायमची पिवळी. 'टिकणं' ह्या शब्दाशी त्यांचं वैर होतं. एखादी वस्तू चांगली टिकते असं त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. लगेच प्रश्न यायचा, "कशात?" मी नवे बूट घेतले आणि दुकानदारानं चांगले टिकतील म्हणून सांगितल्याचं कौतुकानं सांगितलं. "कशात टिकतील? कपाटात?" ते म्हणाले आणि एका बुटाच्या टाचेची चकती कापून बरणीत टाकली. मी तो पावसाळा लंगडत काढला. कामगारांचा पुढारी भाषणात म्हणाला की आपली एकी टिकेल. साहेब मागून म्हणाले, "कशात बुडवून पाह्यली?" पुढाऱ्यानं त्यांना पुन्हा कधी सभेला बोलावलं नाही. त्यांच्या खिडकीतल्या बरण्यांत प्लास्टिकचे चमचे होते, रबराचे वायसर होते, रंगाचे पापुद्रे होते. वहिनींना लोणच्याला मात्र एकच बरणी उरली होती, आणि ती फडताळात वरच्या फळीवर कुलपात असायची. माझ्या त्या जेवणानंतर तर वहिनी किल्ली कमरेलाच लावू लागल्या.

आणि खिशात हळदीचे कागद. वसमतच्या बाजारातली हळद उगाळून त्यात बुडवून वाळवलेल्या गाळणकागदाच्या पट्ट्या. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याकडं पान खाणारालाही ठाऊक असतं. धुण्याच्या सोड्यासारखं, टाक्या धुवायच्या कॉस्टिकसारखं काहीही पाण्यात असलं की ही पट्टी लाल व्हायची. साहेब कुठंही गेले की आधी पट्टी पाण्यात, मग पाणी तोंडात. चांगल्या चांगल्या यजमानांच्या तोंडावर त्यांनी ती तांब्यात बुडवली होती.

रस्ता तोडायची परवानगी शेठला काही केल्या मिळेना. तेव्हा पुण्याचा एक टायवाला कंत्राटदार आला. रस्ता न खोदता पाइप दुरुस्त करायची युक्ती त्याच्याकडं होती. नमद्यासारख्या जाड कापडाची लांब नळी शिवायची, ती रेझीनमध्ये भिजवायची, आणि पाण्याच्या जोरानं जुन्या पाइपात आतून-बाहेर उलटवत ढकलायची. मग आत ऊन पाणी सोडायचं. रेझीन त्या उष्णतेनं शिजून दगड होतं. जुन्या पाइपाच्या पोटात नवा पाइप. शेठला हे समजेना. मी मदतीला धावलो. पायातला मोजा काढला आणि म्हणालो, "शेठ, हे बघा, मोजा उलटा करत घालतात ना, तसं." मोज्याच्या अंगठ्याला भोक होतं. शेठ त्या भोकाकडं बराच वेळ पाहत राहिले. "गळतीच मला दाखवून राहिला का तू?" ते म्हणाले.

टायवाल्यानं विषय सावरला. "सर, पन्नास वर्षांची लाइफ आहे."

"कशात?" कोपऱ्यातून आवाज आला.

"म्हणजे?"

"पन्नास वर्षं कशात बुडून?"

"ॲसिडमध्ये सर. टेस्ट केलेलं आहे."

"ॲसिडचं मी बी पाह्यलं. बराबर हाय, टिकते. ऊन कॉस्टिकमधी?"

टायवाला बॅगेत काहीतरी शोधू लागला. बॅगेत ते नव्हतं.

प्रश्न साधा होता. रोज पाइपातून जायचा तो आंबट वॉश. पण आंबवणीच्या टाक्यांना आतून थर धरला की त्या उकळत्या कॉस्टिकनं धुवायच्या, आणि ते धुणं जायचं त्याच पाइपातून. कंत्राटदारानं आधीच पाठवलेल्या अस्तराच्या नमुन्याचे तुकडे साहेबांनी दोन्हीत बुडवले होते. वॉशमधल्या तुकड्याची ग्वाही माझ्या दाढेनं दिलीच आहे. कॉस्टिकची बरणी वहिनींच्या चुलीच्या कडेला, ऊन राहील अशी ठेवलेली होती. त्यातला तुकडा साहेबांनी मीटिंगमध्ये टेबलावर टाकला. नखानं दाबला तर नख आत गेलं. वाकवला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वाकला. पाण्याखाली चोळला तर बोटांना फेस आला.

"साबण होऊन राहिला ह्याचा," साहेब म्हणाले. "तेल आन् कॉस्टिक मिळून जसा साबण होतो, तसा."

"कापलेल्या कडा उघड्या राहिल्या असतील सर," टायवाला म्हणाला. "कडेनं आत शिरतं. प्रत्यक्ष पाइपात कडा नसतात."

"कडा तुमच्याच रेझीननं बंद केल्या व्हत्या. पहा."

टायवाल्यानं पाहिलं नाही. कॉस्टिकलाही दाद न देणारं दुसरं रेझीन मिळतं, हे त्यानं कबूल केलं. पण त्याचा भाव ऐकून शेठनी चहाचा कप खाली ठेवला.

"राठोड, कॉस्टिक काय रोज जाते का? रोज तर ॲसिडच ना?"

"शेठ, माणूस जेवतो रोज. जहर एकदाच खातो."

शेठ हसले. मग उठता उठता म्हणाले, "केमिस्ट हो म्हणंल तर काम करतो. न्हाई म्हणंल तर राहू द्या जसं हाय तसं. माझा पाइप गळतो, मला काय तकलीफ?"

साहेब नाही म्हणाले. आणि ती गोष्ट संध्याकाळच्या आत तांड्यावर पोचली.

दुसऱ्या दिवशी तांड्याचा नाईक आणि साहेबांचा धाकटा भाऊ परसराम क्वार्टरवर आले. मी तिथं जेवणाच्या आशेनं बसलो होतो. भावाभावांचं सुरुवातीला त्यांच्या गोरमाटी बोलीत झालं. मला समजलं नाही, पण आवाज समजत होते. मग नाईक माझ्याकडं पाहून मराठीवर आला. मलाही ऐकवायचं असावं.

"लेकरायला उलट्या होऊन राहिल्या. जनावरं त्या पाण्याला तोंड लावत न्हाईत. शेठ काम कराया तयार हाय, आन् न्हाई कोण म्हनतो? आमचंच पोरगं!"

"ते टिकायचं न्हाई, नाईक," साहेब म्हणाले.

"किती दिस टिकंल?"

साहेबांनी खिशातली पट्टी काढली आणि कशातही न बुडवता परत खिशात घातली. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"साल-दोन साल तरी?"

"कॉस्टिक गेलं न्हाई तर जास्ती बी टिकंल."

"मंग त्ये कॉस्टिक तू धर ना भाऊ!" परसराम म्हणाला. "तूच तिथं हाय की. उद्याचं उद्या पाहू. आज लेकरू काय पिणार त्ये सांग. तुझ्या बरण्या पिऊ का?"

वहिनी चुलीपुढं पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्या वळल्या नाहीत. साहेब उठून खिडकीपाशी गेले, तिथं उगाच एका बरणीचं झाकण काढून परत लावलं. मग म्हणाले, "सांगतो शेठला."

त्यांना काय काय वाटलं असेल, हे मी आता लिहू शकतो; तेव्हा मी फक्त, चला, काम मिळालं, असं म्हणून खूश होतो.

काम झालं ते माझ्या मर्दुमकीनं. ऊन पाण्यासाठी कंत्राटदाराचा बॉयलर येणार होता, तो वाटेत कुठंतरी बंद पडला. रेझीनमध्ये भिजवलेली नळी तर ट्रकमध्ये येऊन पडलेली, बर्फाच्या लाद्यांत. बर्फ संपला की ती ट्रकमध्येच दगड होणार. टायवाल्याचा टाय तोंडात आला. मी म्हणालो, थांबा. हट्ट्याला माझ्या मावसभावाकडं हळद शिजवायचा वाफेचा बॉयलर होता. ट्रॅक्टरला जोडून तो ओढत आणला. हळदीचे हंगामातले थर त्यात तसेच होते. वाफ सोडल्यावर जो वास सुटला, त्यानं हायवेवरचे ट्रकवाले थांबून विचारू लागले, लग्न कुणाचं आहे. मी जोशात झडप अशी काही फिरवली की जोडाची नळी निसटली आणि मी कमरेपासून खाली पिवळा झालो. टायवालाही झाला. पण अस्तर कडक झालं. साहेबांनी वाकून पाइपाच्या तोंडाशी हातोडीचा दांडा वाजवून पाहिला. टणटणीत आवाज.

"शिजलं बराबर," ते म्हणाले. मी छाती काढली. "पण शिजणं येगळं," ते पुढं म्हणाले आणि हात पुसत निघून गेले.

त्यानंतर साहेबांनी पाइपाच्या अलीकडं एक हौद बांधून घेतला. बांधला मीच, त्याची एक भिंत जराशी तिरकी आहे. टाक्या धुतल्या की कॉस्टिक आधी हौदात घ्यायचं, ते मारायला त्यात आंबट वॉश हळूहळू सोडायचा, पट्टी बुडवायची. लाल झाली तर अजून वॉश. पिवळी राहिली की मग चावी सोडायची. ह्याला वेळ लागायचा. पाळीतले लोक वैतागायचे. साहेब हौदाच्या कठड्यावर छत्री घेऊन बसायचे, उन्हातही. ताप असला तरी यायचे. एकदा वहिनी माहेरी होत्या तेव्हा डबा घेऊन मी गेलो, तर एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात पट्टी. "साहेब, हात तरी धुवा," मी म्हटलं. "पाणी कुठलं हाय त्याच्यावर अवलंबून," ते म्हणाले. त्यांच्यालेखी हा विनोद होता. मी हसलो. त्यांनी नाही.

विहीर निवळली. आधी रंग गेला, मग वास गेला. परसरामनं पोहरा भरून क्वार्टरवर आणला आणि भावासमोर घटाघटा प्याला. साहेबांनी त्यातही पट्टी बुडवलीच. पिवळी. त्या वर्षी तांड्यावर त्यांना पुन्हा पंगतीत बोलावलं.

परसरामची मुलगी सुनीता लग्नाची झाली. साहेबांना मूल नव्हतं, हिच्यावर जीव. स्थळ हट्ट्याच्या बाजूच्या तांड्यावरचं होतं. पाहायला गेलो त्यात मीही होतो, जेवण असतंच. पाण्याचा तांब्या आला, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर त्यात पट्टी बुडवली.

नवऱ्या मुलाचा बाप लालबुंद झाला. "आमी काय जहर घालून राहिलो का?"

साहेबांनी पट्टी उजेडात धरून पाहिली, पाणी प्यायले, आणि तांब्या खाली ठेवून म्हणाले, "पोरगी दिली."

"अवो, पोरगा तर पहा आधी!" परसराम कुजबुजला.

"पोरगा कसा हाय ते मागून कळतंच. पाणी चांगलं हाय. तिला बाहेर काढ इथून."

हे शेवटचं वाक्य ते भावाला हळूच म्हणाले, पण मी शेजारीच होतो. विहीर निवळून तेव्हा बरेच दिवस झाले होते. तरी ते असं म्हणाले.

हळद तांड्यावर होती, सकाळची. अंगणात मांडव, बायकांची गाणी, सुनीता पिवळं नेसून पाटावर. साहेबांनी रजा घेतली होती. नोकरीतली पहिलीच असावी. नवा सदरा घालून अवघडून उभे होते. घरचीच हळद दळलेली. एका बाईनं विहिरीवरून ताजी घागर आणली, परातीत हळद घेतली आणि पाणी घालून कालवायला लागली.

हळद लाल झाली.

गाणं मधेच थांबलं. मग एक म्हातारी हात जोडून ओरडली, "देवी पावली वो! हळदीचं कुंकू झालं!" आणि सगळ्या बायका परातीवर तुटून पडल्या. कुणी सुनीताच्या भाळावर लावलं, कुणी स्वतःच्या. डफ सुरू झाला. असा शकुन कुणी पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला. मी पुढं घुसलो, परातीत बोट बुडवलं, कपाळावर मोठा टिळा ओढला आणि तसाच साहेबांपाशी जाऊन त्यांचा हात हातात घेतला. "साहेब, अभिनंदन! साक्षात देवी!"

त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं.

माणसाचा चेहरा असा उतरलेला मी नंतर कधी पाहिला नाही. मला तेव्हाही समजलं नव्हतं. चुना-हळदीचं ज्ञान, खिशातल्या पट्ट्या, हौद, सगळं रोज डोळ्यांसमोर असून मी कपाळावर कॉस्टिकचा टिळा लावून त्यांचं अभिनंदन करत होतो.

ते गर्दीत शिरले. परात उचलली आणि अंगणात उपडी केली. मग घागर उलटी केली. मग दुसरी. "पिऊ नका! कोणी पिऊ नका! लेकरायला धरा! कपाळं पुसा!"

लग्नाच्या घरात, नवरीच्या पुढ्यात, हळद सांडली. सुनीता पाटावरच रडायला लागली. परसराम भावाच्या छातीवर आला.

"काय करून राहिला तू? वेडा झाला का?"

"पाणी नासलं. पाइप गेला."

"पाइप?" परसराम आधी समजला नाही. मग समजला. "तू तर म्हनला व्हता चांगला हाय! तूच शेठला हो म्हनला! आमी अडानी मानसं, आमाला काय कळते? तू सांगितलं, आमी पेलो!"

साहेब उभे राहिले. खरं काय झालं होतं ते मला ठाऊक होतं, नाईकाला ठाऊक होतं, परसरामलाही ठाऊक होतं. कुणी काही बोललं नाही. मला वाटतं, त्या क्षणी साहेबांनाही परसरामचंच पटलं.

लग्न लागलं. फाट्यावरच्या हॉटेलातून जीपनं पाणी आणलं. हट्ट्याकडच्या मंडळींनी सांडलेल्या हळदीचं ऐकलं होतं; ती जेवली, पण हसली नाहीत. सुनीता जाताना सगळ्यांच्या पाया पडली. काकांपुढून नुसती गेली.

हळद सांडली त्याच दुपारी आम्ही दोघं तळ्याकडच्या तोंडाशी उतरलो. साहेबांनी सदऱ्याची बाही वर केली आणि पाइपात हात घातला. अस्तर ओरबाडायची गरज नव्हती. मूठभर हातातच आलं, चहात पडलेल्या बिस्किटासारखं. मधूनमधून नमद्याचे धागे. बाहेरून पाहिलं तर गुळगुळीत. आतून कधीचं सुटत आलेलं, आज फुटलेलं.

कारखान्यात येऊन विचारलं तर कुणी लपवलंही नाही. सकाळी टाक्या धुतल्या, टँकर भरायची घाई होती, सरळ सोडलं. आणि आजच नव्हे. साहेब असले की हौद. साहेब घरी गेले, दुसरी पाळी आली, की सरळ पाइप. पहिल्यापासून.

"तुमी वाईट वाटून घेऊ नका साहेब," पाळीतला एक जण समजूत काढत म्हणाला. "तुमी समोर असताना आमी कधीच सोडलं न्हाई. तुमचा मान ठेवला."

शेठ म्हणाले, "राठोड, तुमीच पास केलेलं काम. मी काय बोलू?" टायवाल्याची गॅरंटी ॲसिडपुरती होती. रस्ता तोडायची परवानगी अजून यायचीच होती. साहेब महिनाभर कचेऱ्यांतल्या लोकांच्या मागं फिरले. मग शेठनी त्यांना तांड्याला भडकवतो म्हणून काढून टाकलं. आणि तांड्यात तर त्यांच्याशी कुणी बोलतच नव्हतं. तरी ते क्वार्टर सोडून तिथंच राहायला गेले. जायला दुसरी जागा नव्हती, की त्यांना तीच हवी होती, मी विचारलं नाही. सामान टेंपोत चढवायला मी गेलो होतो. बरण्या त्यांनी मागच्या नाल्यावर धुतल्या, उपड्या घातल्या आणि तिथंच सोडल्या. वहिनींनी त्यातली एकही उचलली नाही.

पुढं कारखाना बंद पडला. मला नांदेडकडं एका पाइपलाइनच्या कंपनीत काम लागलं. तांड्याची विहीर काही परत निवळली नाही. म्हणतात की एवढी वर्षं जमिनीत मुरलेलं आता वरून काहीही केलं तरी निघायचं नाही. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. पूर्वीचे साहेब असते तर त्यांनी तपासून सांगितलं असतं, पण ते तपासायचे थांबले होते.

काही वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, कंपनीच्या गाडीनं त्या रस्त्यानं येत होतो. तांड्यापाशी टँकर उभा होता. हायवेच्या कडेनं घागरी, हंडे, तेलाचे डबे यांची लांब ओळ. ओळीत राठोडसाहेब दिसले. केस पांढरे, अंगात बंडी, दोन्ही हातांत कॅन. मी गाडी थांबवली आणि धावत गेलो. ते टँकरच्या नळीपाशीच पोचले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ओळखलं त्यांनी, मान हलवली.

मग माझं तोंड सुटलं. कसे आहात, वहिनी कशा आहेत, सुनीता येते का. ते नळीकडं पाहत होते. तसा मी जास्तच बोलत गेलो. गप्प माणसासमोर माझं हे असंच होतं. त्यांना बरं वाटेल असं काहीतरी सांगावं म्हणून मेंदू खरवडला, आणि जे हाताला लागलं ते आनंदानं त्यांच्यापुढं धरलं.

"साहेब, एक सांगायचं राह्यलंच! आता रेझीन लई सुधारलं. आमच्या कंपनीत आलंय नवीन. ऊन कॉस्टिकमध्ये ठेवा न्हाईतर काही करा, हूं की चूं न्हाई. तुमी म्हणत होता ना, अगदी तसंच!"

नळीतून पाणी वाहत होतं, आणि त्यांचा कॅन आणि नळी यांच्या मधे मी उभा होतो. पाणी माझ्या बुटांवर पडून मातीत चाललं होतं. मागून बायकांचा ओरडा सुरू झाला होता. मला वाटलं, टँकरवाल्याला ओरडताहेत.

राठोडसाहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं.

"कदम, बाजूला व्हा," ते म्हणाले. "तुमच्यापायी समदी रांग अडून राहिली."